लग्नाला सहा आठवडे आणि गर्भ आठ आठवड्यांचा: पाळीचे आणि गरोदरपणाचे दिवस मोजताना होणारे घोळ

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. लग्नाला सहा आठवडे झालेत, मग सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आठ आठवडे कसे? पाळी आधीपासून "लवकर लवकर" यायची, त्याचा काही संबंध आहे का? आणि सासूबाई ग्रहणाचं आणि आठव्या महिन्याचं जे सांगतात, त्यातलं किती पाळायचं?

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून माहेरी पाठवण्यापर्यंत गोष्टी जातात. रिपोर्ट बरोबर आहे आणि त्यात वावगं काहीही नाही.

गरोदरपणाचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत आणि गर्भ राहिला त्या दिवसापासूनही नाहीत. ते मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तो एकच दिवस बाईला खात्रीने सांगता येतो, म्हणून जगभर हीच पद्धत आहे. त्यामुळे रिपोर्टवरच्या आठवड्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नसतोच.

तारखा घालून बघा. समजा, पाळी 18 फेब्रुवारीला आली, लग्न 2 मार्चला झालं, 4 मार्चच्या आसपास गर्भ राहिला आणि सोनोग्राफी 15 एप्रिलला केली. 18 फेब्रुवारी ते 15 एप्रिल म्हणजे 56 दिवस, बरोबर आठ आठवडे. लग्नापासून मोजले तर 44 दिवस, सहा आठवडे आणि दोन दिवस. मधले बारा दिवस कुठून आले, तर ते पाळीचे आणि अंडं तयार होण्याचे. गर्भाचं खरं वय काढायचं असेल तर रिपोर्टवरच्या आकड्यातून दोन आठवडे वजा करा. मशीनला तुमच्या लग्नाची तारीख माहीत नसते. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ती मिलिमीटरमध्ये मोजते (आठ आठवड्यांना सुमारे 16 मिलिमीटर) आणि तक्त्यावरून आठवडे छापते. त्यातही पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात. तेव्हा आठवड्यांच्या आकड्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणारा माणूस मुळात बेरीज-वजाबाकीत नापास आहे.

प्रसूतीची तारीखही याच दिवसावरून काढतात: पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. 18 फेब्रुवारीचे झाले 25 नोव्हेंबर. आपल्याकडचं "नऊ महिने नऊ दिवस" याच्या अगदी जवळ जातं, फक्त दोन दिवसांचा फरक. मात्र हे गणित 28 दिवसांच्या पाळीसाठी आहे. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर आणखी सात दिवस मिळवावे लागतात. आणि ती तारीख म्हणजे अंदाज. ठरल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाच जणी.

इथे आणखी एक गोंधळ होतो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर एक तारीख, आठव्यातल्या सोनोग्राफीवर दुसरी, आणि घरात प्रश्न पडतो की खरी कोणती. तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून एकदा पक्की करायची आणि मग बदलायची नाही. तोवर सगळी बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात. पुढे कुणी थोराड, कुणी नाजूक, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत मापावरून काढलेली तारीख तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. तारीख आधी पक्की झालेली असताना नंतरच्या सोनोग्राफीत बाळ दोन आठवडे मागे दिसलं, तर तारीख पुढे सरकवून गप्प बसायचं नसतं. बाळाची वाढ कमी आहे का, वारेतून रक्त नीट जातंय का, हे डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून बघावं लागतं. म्हणून पहिली सोनोग्राफी "इतक्यात कशाला" म्हणून टाळू नका. 11 ते 13 आठवड्यांतली आणि 18 ते 20 आठवड्यांतली, या दोन तपासण्यांना ठरलेली वेळ असते आणि तारीखच चुकली तर ती वेळ हुकते. गर्भपाताच्या कायद्यातली 20 आणि 24 आठवड्यांची मर्यादाही याच मोजणीने धरतात.

आता "लवकर लवकर" येणाऱ्या पाळीबद्दल. ही तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या जणींना पाळीचा त्रास नसतोच, मोजण्यात चूक असते. पाळी थांबली त्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस त्या मोजतात. पाच दिवस अंगावरून गेलं आणि मग 23 दिवसांनी पाळी आली, म्हणून त्या "माझी 23 दिवसांची" असं सांगतात. ती 28 दिवसांची असते. मोजायचं पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत, आणि पहिला दिवस म्हणजे पॅड लावावं लागेल इतका रक्तस्राव झाला तो, आदल्या संध्याकाळी नुसता डाग दिसला तो नव्हे. दुसरी तक्रार "महिन्यात दोनदा आली". मार्चच्या 2 तारखेला आली आणि 30 तारखेला पुन्हा आली, की घरात काळजी सुरू होते. मधले दिवस मोजा: 28. कॅलेंडरचा महिना 30-31 दिवसांचा आणि पाळी 28 दिवसांची, तर तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस अलीकडे येणारच. तारीख तीच राहिली नाही म्हणजे पाळी अनियमित, असं नाही.

मोठ्या बाईत 21 ते 35 दिवसांच्या मधली कुठलीही पाळी नॉर्मल. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झालेल्या मुलींत 45 दिवसांपर्यंत चालतं. काळजी करायची ती वेगळ्या कारणांनी: अंगावरून सात-आठ दिवसांच्या पुढे जातंय, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडताहेत, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय. "आमच्याकडे सगळ्यांना असंच जातं" म्हणून हे अंगावर काढणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं की सात-आठ निघतं.

आणि कमी जाणाऱ्या पाळीबद्दल: रक्त कमी गेलं म्हणून ते आत साठून वजन वाढतं, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. पाळीत जातं ते त्या महिन्यात तयार झालेलं पिशवीचं अस्तर आणि थोडं रक्त. अस्तर पातळ तयार झालं तर कमी जाईल. आत साठून राहिलेलं "खराब रक्त" नावाची वस्तू नसते. वजन, पुटकुळ्या आणि लांबणारी पाळी एकत्र दिसत असतील तर त्या तिन्हींचं कारण एक असतं, बहुतेकदा पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या असमतोलाचा एक आजार. साठलेल्या रक्ताचा त्यात काही भाग नाही.

मोजणीची सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "चौदावा दिवस". अंडं चौदाव्या दिवशी फुटतं हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य फक्त 28 दिवसांच्या पाळीला लागू आहे. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण 14 दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही, हलतो तो आधीचा काळ. म्हणून मोजायचं मागून: 35 दिवसांची पाळी असेल तर अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास, 24 दिवसांची असेल तर दहाव्याच्या. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडं जेमतेम एक दिवस. म्हणजे गर्भ राहण्याचे दिवस साधारण सहा: अंडं फुटण्याच्या आधीचे पाच आणि तो दिवस.

यातून दोन्ही बाजूंनी फसगत होते. मूल हवं असलेलं जोडपं 35 दिवसांच्या पाळीत बाराव्या ते पंधराव्या दिवसाचं व्रत पाळतं, मग थांबतं, आणि नेमके कामाचे दिवस कोरडे जातात. मूल नको असलेली 24 दिवसांची बाई "पाळी संपतेय, आता सेफ आहे" म्हणून सहाव्या दिवशी निर्धास्त असते आणि दहाव्या दिवशी फुटलेल्या अंड्याला सहाव्या दिवसाचे शुक्राणू भेटतात. मूल हवं असेल तर तारखांच्या नादी न लागता पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा. योनीतला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा तारदार झाला, की ते दिवस सर्वांत चांगले. नको असेल तर "सेफ दिवस" हे साधन समजू नका. एक वर्ष प्रयत्न करून (बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने) दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी करायची, आणि त्यात वीर्याची तपासणी पहिल्याच फेरीत. ती स्वस्त आहे, त्रासाची नाही, आणि तरीही बाईचे सगळे इलाज संपल्यावर शेवटी केली जाते.

सम दिवशी संबंध आला तर मुलगा आणि विषम दिवशी मुलगी, हा समजही या सहा दिवसांपुढे टिकत नाही. बाराव्या दिवशीचा शुक्राणू पंधराव्या दिवशी अंड्यात शिरू शकतो, मग दिवस कोणता धरायचा? मुलगा की मुलगी हे ठरतं शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावरून. आणि गर्भधारणेआधी लिंगनिवड करून देण्याची जाहिरात करणं हाही 1994च्या गर्भलिंगनिदान कायद्याखाली, 2003च्या दुरुस्तीपासून, गुन्हा आहे.

घरच्या टेस्टची पट्टी: पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर, आणि डबीवर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायची. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेली पुसट रेघ धरू नका. निगेटिव्ह आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने परत करा, त्या महिन्यात अंडंच उशिरा फुटलेलं असू शकतं. टेस्ट पॉझिटिव्ह असताना ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, तर नळीतला (पिशवीबाहेर, बीजनलिकेत रुजलेला) गर्भ असू शकतो. तिथे सकाळची वाट बघायची नसते.

गौरी-गणपतीच्या, लग्नसराईच्या आधी हमखास विचारतात ती पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरोन 5 मिलिग्रॅम, बहुतेक वेळा दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती फसते तीन कारणांनी. तारीख वर सांगितल्याप्रमाणे चुकीची मोजलेली असते, म्हणून गोळी उशिरा सुरू होते. किंवा डाग दिसल्यावर सुरू केलेली असते आणि सुरू झालेली पाळी ती भरवशाने थांबवत नाही. किंवा कामाच्या घाईत दुपारचा डोस राहतो. या गोळीने पिशवी खराब होत नाही, पुढे मूल व्हायलाही अडचण येत नाही. पण ती गर्भनिरोधक म्हणून घ्यायची गोळी नव्हे. शिवाय पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्यांनी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असलेल्यांनी, आणि दिवस राहिल्याची शंका असलेल्यांनी ती केमिस्टला विचारून घ्यायची नाही. दहा-बारा दिवसांच्या पुढे स्वतःहून ताणायचीही नाही. पूजेला बसायचं की नाही हा ज्या त्या घराचा प्रश्न, पण माझं मत विचाराल तर पाळीत पूजा केल्याने कुणाच्या तब्येतीला काही झालेलं नाही, आणि दरवर्षी चार-चार सणांना हार्मोन घेणं शहाणपणाचं नाही.

साधन न वापरता संबंध आल्यावर 72 तासांत घ्यायची गोळी वेगळी. लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, एकच डोस, जितका लवकर तितका चांगला. ती अंडं फुटणं लांबवते, गर्भ पाडत नाही, आणि अंडं फुटून गेलं असेल तर फारशी उपयोगाची नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्यापेक्षा कितीतरी खात्रीची. गर्भपाताच्या गोळ्या हे तिसरंच प्रकरण: नऊ आठवड्यांपर्यंत, गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून, डॉक्टरच्या देखरेखीखाली. तिन्ही गोळ्या दुकानात एकाच फळीवर असल्या तरी त्यांची सरमिसळ करू नका.

आता पथ्यं. ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो, असं सांगतात. इथेही दिवस मोजा. बाळाचा ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांत जुळून पूर्ण होतात. सहाव्या महिन्यात जुळलेला ओठ कुठल्याही सुरीने फाटत नाही. ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता, फिटवरची काही औषधं, आधीपासूनचा बेताल मधुमेह, धूम्रपान अशी कारणं असतात. घरात वाद नको म्हणून त्या वेळेत विळी हाती घेतली नाही तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पाच-सहा तास पाणी न पिता, न झोपता, लघवी रोखून बसल्याने: पाणी कमी पडतं, पोट आखडायला लागतं, मधुमेह असेल तर साखर उतरते. अन्न-पाणी चालू ठेवायचं, एवढ्यावर ठाम राहा.

फॉलिक अ‍ॅसिडचं गणितही असंच आहे आणि ते ग्रहणापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी रिपोर्टच्या मोजणीने सहाव्या आठवड्यापर्यंत बंद होते. पाळी चुकल्याचं कळतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात, डॉक्टरांकडे येणं होतं आठव्यात. म्हणजे गोळी सुरू होते तेव्हा तिचं मुख्य काम होऊन गेलेलं असतं. ती दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून हवी, रोज 400 मायक्रोग्रॅम. मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळात ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष असेल तर 5 मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून. तुमचे आठ आठवडे झालेत, तरी आता घ्याच, रक्तासाठी ती लागतेच. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. कच्ची, चीक असलेली पपई टाळा, एवढं पुरे.

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, हा समज जुना आहे. आयुर्वेदात आठव्या महिन्यात ओज (शरीराची जीवनशक्ती) अस्थिर असतं असं म्हटलंय आणि प्राचीन ग्रीक वैद्यांनीही असंच लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात पोटातला प्रत्येक जादा आठवडा फुप्फुसांच्या फायद्याचा असतो, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन फुप्फुसं लवकर तयार करता येतात, पण त्यांना काम करायला एक दिवस लागतो. म्हणून घरी बसून "खोट्या कळा असतील" म्हणत रात्र काढू नका. याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे मुहूर्त काढून केलेलं सिझेरियन. वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होण्याआधी नाही. गुरुजींनी 37व्या आठवड्यातला मुहूर्त दिला आणि बाळ धाप लागून काचेच्या पेटीत गेलं, तर त्या मुहूर्ताचं काय करायचं?

पुढे, सातवा संपता संपता, एक सल्ला हमखास मिळेल: "शेवटी जागा कमी पडते, बाळ कमी हलणारच." हा ऐकू नका. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी सरकल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं. संख्या घटत नाही. 28 आठवड्यांनंतर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा: दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटल्या, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात जायचं. गार पाणी पिऊन, गोड खाऊन उद्यापर्यंत बघू, असं करायचं नाही.

बाळंतपणानंतर "अंगावर पाजतेय, पाळीही आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत" हे तीन अटी एकत्र असतील तरच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. यातली एक अट मोडली की साधन हवं. अंडं पाळीच्या आधी फुटतं, त्यामुळे पहिली पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहिलेल्या बायका काही कमी नाहीत.

तुमच्या सासूबाईंसाठीही एक गोष्ट, प्रश्नात नसली तरी. पाळी गेली असं म्हणायला सलग बारा महिने कोरडे जावे लागतात. आठ महिन्यांनी पुन्हा आली तर मोजणी शून्यापासून. तोवर, पंचेचाळिशी उलटली तरी, दिवस राहू शकतात. आणि बारा महिने पूर्ण झाल्यावर एकदा जरी डाग दिसला, अगदी दोन थेंब, तरी "परत पाळी आली" म्हणून हसून सोडू नका. पिशवीच्या अस्तराची जाडी सोनोग्राफीने बघून घ्यावी लागते, त्याच आठवड्यात.